केसांच्या टोपाखालचा ग्रीग

लुडविग होल्बर्ग ३ डिसेंबर १६८४ रोजी नॉर्वेतल्या बर्गन शहरात जन्मला, पण नाव कमावले ते कोपनहेगनमध्ये. त्या काळी नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. नॉर्वेत विद्यापीठ नव्हते, आणि शिकायचे, लिहायचे, मोठे व्हायचे तर वाट कोपनहेगनचीच होती. होल्बर्ग तिथे प्राध्यापक झाला. १७२२ मध्ये तिथे डॅनिश भाषेतले नाटकगृह उघडले तेव्हा त्यासाठी विनोदी नाटकांचा सपाटाच त्याने लावला. पुढे तो ‘उत्तरेचा मोलिएर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १८८४ मध्ये, बर्गनने आपल्या या सुपुत्राचा पुतळा उभारला, आणि समारंभाच्या संगीताचे काम त्याच शहरात जन्मलेल्या एडवर्ड ग्रीगकडे आले. ग्रीग तेव्हा ४१ वर्षांचा होता आणि नॉर्वेचा पहिल्या क्रमांकाचा संगीतकार मानला जात होता. होल्बर्गसाठी त्याने दोन रचना केल्या. पुरुषांच्या गायकवृंदासाठी लिहिलेली एक कँटाटा पुतळ्याच्या अनावरणाच्या वेळी उघड्यावर गायली गेली आणि समारंभासोबतच मागे पडली. दुसरी होती पियानोसाठी पाच लहान तुकड्यांची माळ. ‘होल्बर्गच्या काळातून’ हे तिचे नाव, आणि ‘जुन्या धाटणीतली स्वीट’ हे उपशीर्षक. १८८५ मध्ये ग्रीगने ती फक्त तंतुवाद्यांच्या वृंदासाठी पुन्हा लिहिली. आज ‘होल्बर्ग स्वीट’ म्हणून जगभर वाजते ती ही दुसरी आवृत्ती.

स्वीट म्हणजे एकापाठोपाठ वाजवायच्या नृत्यरचनांचा संच. सतराव्या आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात हा घाट फार चालला. बाख आणि हँडेल हे दोघे १६८५ मध्ये, म्हणजे होल्बर्गनंतर चार महिन्यांच्या आत जन्मले, आणि दोघांनीही अशा स्वीट भरपूर लिहिल्या. होल्बर्गचा काळ सुरांत उभा करायचा तर त्याच्या तरुणपणी युरोपभर वाजणारा हा घाट घ्यावा, हे ओघानेच आले. त्यामुळे या रचनेविषयी एक समजूत सहज रुळली. प्रसंग आला म्हणून एका रोमँटिक संगीतकाराने चार घटका जुना पोशाख चढवला आणि काम झाल्यावर उतरवून ठेवला, ही ती समजूत. खुद्द ग्रीगने तिला खतपाणी घातले आहे. होल्बर्गच्या काळातले बडे लोक डोक्यावर पांढरे केसांचे टोप घालत. त्यावरून तो या रचनेला थट्टेने ‘टोपवाली’ म्हणत असे, आणि आपले व्यक्तिमत्त्व कधीतरी झाकून ठेवण्याचा हा बरा सराव आहे, असेही त्याने पत्रात लिहिले. माझे म्हणणे याच्या उलट आहे. रचना नीट ऐकली तर ग्रीग इथे झाकला गेलेला दिसत नाही. जुन्या नृत्यांच्या घाटाने त्याची एक जुनी अडचण सोडवली, आणि ती सुटली म्हणूनच इथे तो इतका मोकळा वाजतो.

ती अडचण होती लांबीची. एकोणिसाव्या शतकात संगीतकाराची पत मोजली जाई ती सिंफनीवर. एखादी छोटी कल्पना घ्यायची, ती फोडायची, दूरदूरच्या स्वरक्षेत्रांतून फिरवायची आणि अर्ध्या-पाऊण तासाचा डोलारा तिच्यावर उभा करायचा, हे जर्मन परंपरेतले मोठेपणाचे माप. ग्रीग १८५८ ते १८६२ या काळात लाइपझिगच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकला तो याच परंपरेत, आणि पुढे आयुष्यभर त्या शिक्षणाविषयी कुरकुरत राहिला. १८६४ मध्ये त्याने एक सिंफनी पुरी केली. पुढे तिच्या हस्तलिखितावर ‘ही कधीही वाजवू नये’ असा शेरा स्वतःच मारला, आणि तो शेरा शंभरहून अधिक वर्षे पाळला गेला. १८८० च्या दशकात दुसरा पियानो कॉन्चेर्टो लिहायला घेतला, तो टिपणांच्या पुढे सरकला नाही. याच माणसाचा हात दोन-तीन मिनिटांच्या रचनेत मात्र कधी अडखळला नाही. ‘लिरिक पीसेस’ या नावाने त्याने पियानोसाठी दहा पुस्तकांत मिळून ६६ छोटे तुकडे लिहिले, आणि शंभराहून अधिक गाणी. म्हणजे सुरावट सुचण्याची ददात नव्हती. सुचलेली सुरावट ताणून, मोडून, वाढवून मोठी इमारत बांधायची, तिथे त्याचे मन रमत नव्हते.

यावर कोणी म्हणेल, की १८६८ चा पियानो कॉन्चेर्टो, १८७८ चे तंतुवाद्यांचे क्वार्टेट, व्हायोलिनचे आणि चेलोचे सोनाटा, या सगळ्या लांब रचना ग्रीगच्याच आहेत आणि त्या उत्तम आहेत. आक्षेप खरा आहे. ग्रीगला मोठा घाट जमतच नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्या रचनांकडे पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, त्यांतल्या बहुतेक एकल वाद्याच्या किंवा मोजक्या वादकांच्या आधाराने उभ्या आहेत; वृंदाची एकट्याची म्हणून जी कामे ग्रीगच्या नावावर आज वाजतात, त्यांत ‘पीअर गिंट’च्या दोन स्वीट आणि ही होल्बर्ग स्वीट पुढे आहेत. दुसरी, ‘पीअर गिंट’ हे तर इब्सेनच्या नाटकासाठी लिहिलेले संगीत. त्यातले सुटे तुकडे निवडून ग्रीगने मैफलीसाठी माळ ओवली. म्हणजे वृंदासाठी लिहिताना लहान आणि पूर्ण तुकडे शेजारी शेजारी ठेवणे ही त्याची स्वाभाविक चाल दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या हिशेबात ती कमीपणाची होती. अठराव्या शतकाच्या हिशेबात तिला स्वीट म्हणत, आणि बाखने ती वापरली म्हणून बाखला कोणी छोटा संगीतकार म्हटले नाही. होल्बर्गच्या निमित्ताने ग्रीगला आपल्या स्वभावाला साजेसा घाट सापडला, आणि तोही मोठ्या नावांच्या आशीर्वादासकट.

घाट सापडला, पण त्याचे नियम कडक होते. जुन्या स्वीटमधले जवळजवळ सगळे तुकडे एकाच षड्जावर असत. फार तर मेजरचे मायनर होई. घर बदलत नसे. शिवाय प्रत्येक नृत्याचा ठेका ठरलेला, आणि रचनाही सहसा दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. रोमँटिक संगीतकाराचे हुकमी हत्यार म्हणजे स्वरक्षेत्र बदलून नाट्य निर्माण करणे, आणि या नियमांनी ते बरेचसे काढून घेतले. ग्रीगने नियम बऱ्यापैकी पाळला. प्रील्यूड, साराबांद, गावॉत आणि रिगोदों हे चारही जी मेजरमध्ये आहेत; चौथ्या क्रमांकाचा ‘एअर’ तेवढा जी मायनरमध्ये. मग वीस मिनिटे ऐकणाऱ्याला धरून ठेवायचे कशाने? उरतात दोन गोष्टी, लय आणि वाद्यांचा पोत. ग्रीगची सगळी कल्पकता या दोन ठिकाणी एकवटली, आणि पाचही तुकडे एकमेकांपासून इतके वेगळे वाजतात ते त्यामुळेच.

पहिल्याच तुकड्याच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की हे नेमके दिसते. पियानोच्या प्रील्यूडमध्ये दोन्ही हात मिळून सोळांश स्वरांची अखंड धार सोडतात. स्वरगुच्छ मोडून तो पट्ट्यांवर वरखाली पसरतो. ही सरळ सरळ बाखच्या काळातल्या कळफलकी प्रील्यूडची वहिवाट आहे. तंतुवाद्यांसाठी लिहिताना ग्रीगला ती धार तशीच व्हायोलिनांवर उतरवता आली असती. त्याने ती टाकली. तिच्या जागी एक लांब आणि दोन आखूड स्वरांचा ठेका आणला, आणि दौडत्या घोड्याच्या टापांसारखा तो जवळजवळ शेवटपर्यंत चालू ठेवला. कारण वाद्यातच आहे. पियानोवर एक माणूस मोडलेला स्वरगुच्छ वाजवतो तेव्हा पॅडल ते सूर एकत्र धरून ठेवते. दहा-बारा व्हायोलिने मिळून तेच वाजवू लागली तर नुसती भुरभुर ऐकू येईल. गज मात्र एकाच स्वरावर पुन्हा पुन्हा आपटता येतो, आणि अनेक गज एकाच क्षणी पडले की त्या ठेक्याला जी धार येते ती पियानोला येणार नाही. आज होल्बर्ग स्वीट म्हटले की लोकांना आठवतो तो हा ठेका, आणि बाखच्या काळाची नक्कल म्हणून तो लिहिलेला नाही. जुन्या वळणाची जागा त्याने वृंदाच्या गरजेनुसार भरून काढली.

साराबांद हे नृत्य तर स्वतःच एका लांब प्रवासातून आलेले. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये ते इतके उच्छृंखल मानले गेले की १५८३ मध्ये त्यावर बंदी आली. पुढे फ्रान्सच्या दरबारात त्याची चाल मंदावली आणि ते भारदस्त झाले. तीन मात्रांचे आवर्तन आणि दुसऱ्या मात्रेवर रेंगाळणे ही त्याची ओळख. ग्रीगने ठेवले ते हे दरबारी रूप, पण त्यात तंतुवाद्यांचा आवाज वाढवत नेऊन ओसरवण्याचा जो खेळ आहे, तो त्या काळच्या कागदावर सापडत नाही. बाखच्या काळातल्या स्वरलिपीत आवाजाच्या चढउताराच्या खुणा फार विरळ. ग्रीगचे पान मात्र अशा खुणांनी भरलेले असते. पुढचा गावॉत मात्रांच्या अर्ध्या आवर्तनातून उचलतो, त्यामुळे पाऊल टाकण्याआधी किंचित उडी घेतल्यासारखे वाटते. त्याच्या पोटात म्यूझेट आहे. म्यूझेट म्हणजे मूळची फ्रेंच पुंगीची एक जात, जिच्या नळीतून एक सूर सतत वाहत असतो. ग्रीगने खालच्या वाद्यांना तो सूर पंचमासह धरायला लावला आणि त्यावर साधी, खेड्यातली वाटावी अशी सुरावट ठेवली. तानपुऱ्याचा सा-प लागल्यावर वरच्या सुराला जशी जमीन मिळते, तसे इथे होते. त्या टेकूवर वरचे सूर थोडे खडबडीत झाले तरी गोड लागतात, आणि तिथे दरबार मागे पडून गाव पुढे येतो.

‘एअर’ हे नृत्य नाही, गाणे आहे. बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रा स्वीटमधला ‘एअर’ ग्रीगच्या पिढीला चांगला ओळखीचा होता. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑगस्ट विल्हेल्मी या जर्मन व्हायोलिनवादकाने तो व्हायोलिनच्या जी तारेवर वाजवण्यासाठी उतरवून घेतला आणि तो घरोघर पोचला. ग्रीगच्या ‘एअर’ची चाल तशीच संथ, सोबतीला एकसारख्या मात्रांवर पडणारे स्वरगुच्छ, आणि वर अलंकारांनी नटलेली सुरावट. सुरावट चेलोंकडे जाते तेव्हा मात्र बाखचे बोट सुटते. अर्ध्या-अर्ध्या सुरांनी घसरत उतरणारे आतले आवाज आणि सुटायला वेळ लावणारे स्वरगुच्छ हे ग्रीगच्या गाण्यांतले आहेत, आणि १८८४ पूर्वीच्या त्याच्या रचना ऐकलेला माणूस ते डोळे मिटून ओळखेल. शेवटचा रिगोदों दक्षिण फ्रान्समधले चपळ नृत्य. तिथे ग्रीगने एक व्हायोलिन आणि एक व्हिओला वृंदातून बाहेर काढून पुढे उभी केली आणि बाकीच्यांना गज खाली ठेवून तारा छेडायला लावल्या. गाण्याच्या दोन ओळी आणि भोवती टाळ्या धरणारे लोक, असा हा मामला आहे. नॉर्वेच्या खेड्यांत लग्नात नाच व्हायचा तो हार्डांगर फिडलवर, म्हणजे खालून झंकारणाऱ्या जादा तारांच्या व्हायोलिनवर. रिगोदोंमधल्या या दोन वाद्यांच्या धावपळीत त्या फिडलची आठवण होणे अपरिहार्य आहे, मात्र ग्रीगने इथे एकही लोकगीत उचललेले नाही. आठवण येते ती वाजवण्याच्या रीतीतून.

या निवडीवर दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. बाखच्या काळातल्या स्वीटचा कणा होता चार नृत्यांचा: आलमांद, कुरांत, साराबांद आणि जीग. ग्रीगने त्यातले फक्त साराबांद ठेवले. बाकी तीन गाळली, आणि त्यांच्या जागी मूळच्या स्वीटमध्ये हौसेखातर मधे घातली जाणारी हलकी नृत्ये आणली. मग याला जुन्या धाटणीची स्वीट म्हणावे तरी कसे? उत्तर असे की गाळण्यातही हिशेब आहे. जीगने स्वीट संपवायची म्हणजे बहुधा एका आवाजाने सुरुवात करून दुसऱ्याने त्याचा माग काढायचा, असा फ्यूगसारखा गुंता विणावा लागे. आलमांद आणि कुरांतमध्येही आवाजांची गुंफण दाट. ग्रीगने निवडली ती नृत्ये, ज्यांत ठेका स्पष्ट आणि सुरावट वर मोकळी असते. त्याची ताकद सुरावटीत होती, गुंत्यात नव्हती, आणि जुन्या काळातून काय घ्यायचे हे त्याने आपल्या ताकदीप्रमाणे ठरवले. नक्कल करणारा माणूस साचा पूर्ण उचलतो. गरज असलेला माणूस निवडून उचलतो. ग्रीग कोणत्या गटातला, याचा निवाडा गाळलेल्या तीन नृत्यांतच झाला आहे.

तिसरा आक्षेप राजकीय आहे, आणि तो १८८४ च्या नॉर्वेत जास्त टोचला असता. नॉर्वे १८१४ मध्ये डेन्मार्कपासून सुटला आणि स्वीडनच्या जोडीला बांधला गेला. १८८४ हे तर तिथे लोकप्रतिनिधींच्या सभागृहाला जबाबदार असलेले सरकार पहिल्यांदा आल्याचे वर्ष. अशा वेळी होल्बर्ग आपला आहे, डॅनिशांचा नाही, हे ठासून सांगण्यासाठी बर्गन पुतळा उभारते, आणि नॉर्वेचा राष्ट्रीय संगीतकार फ्रेंच नृत्ये लिहून मोकळा होतो, हे विचित्र नाही का? होल्बर्गच्या नाटकांत याचे उत्तर आहे. ‘ज्याँ द फ्रान्स’ हे त्याचे १७२२ चे नाटक एका डॅनिश पोराची टर उडवते, जो पॅरिसहून परतल्यावर आपले हान्स हे नाव फ्रेंच करून घेतो आणि गावातल्या प्रत्येकाला फ्रेंच रीतभात शिकवू पाहतो. फ्रेंच माकडचेष्टांवर हसणारे हे नाटक बांधले आहे मात्र फ्रेंच मोलिएरच्या धाटणीवर. होल्बर्गने साचा पॅरिसचा घेतला, माणसे, बोली आणि खोड्या कोपनहेगनच्या भरल्या. ग्रीगनेही तेच केले. नृत्ये फ्रेंच दरबाराची, भरण उत्तरेचे. होल्बर्गला याहून जास्त शोभणारी आदरांजली नॉर्वेचे लोकगीत वाजवून वाहता आली नसती, कारण त्याचा काळ, त्याचे शहर आणि त्याची रीत या तिन्ही गोष्टी ती चुकवून गेली असती.

राहतो तो चवीचा आक्षेप. क्लोद दब्युसीने १९०३ मध्ये ग्रीगच्या संगीताची तुलना आत बर्फ भरलेल्या गुलाबी मिठाईशी केली, आणि छोटेखानी, गोड, थोडासा गारठा असलेला संगीतकार ही प्रतिमा त्याला चिकटली. होल्बर्ग स्वीटला ती लागू करायला हरकत नाही, कारण ती खरोखर छोटेखानी आणि गोड आहे. प्रश्न असा की छोटेपणा ही उणीव कोणत्या मापाने ठरते? सिंफनीच्या मापाने ठरत असेल. पण जुनी धाटणी वापरणाऱ्यांची पुढची रांग पाहिली तर ते माप एकटेच उरले नाही. खुद्द दब्युसीने ‘सुइत बेर्गामास्क’मध्ये प्रील्यूड, मिनुएट आणि पासपिए लिहिले. मॉरिस रॅव्हेलने पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘कूपराँचे स्मारक’ रचले, त्यात फोर्लान, मिनुएट आणि रिगोदों आहेत. ओत्तोरिनो रेस्पिगीने जुन्या ल्यूटवादकांच्या सुरावटींवर नृत्यस्वीट बांधल्या, त्यातली तिसरी तंतुवाद्यांसाठीच आहे. त्यांना हे ग्रीगकडून मिळाले असे म्हणण्याची गरज नाही; गरज सगळ्यांची सारखी होती. प्रचंड लांबीच्या आणि प्रचंड आवाजाच्या संगीतानंतर आटोपशीर, स्पष्ट कडांचा, नाचता येण्याजोगा घाट हवा होता, आणि तो मागे पडून होता.

या सगळ्याची पडताळणी घरबसल्या होऊ शकते. दोन्ही आवृत्त्यांची ध्वनिमुद्रणे सहज मिळतात. आधी पियानोचा प्रील्यूड ऐकावा, लगेच तंतुवाद्यांचा, आणि तो ठेका कुठे उगवला ते शोधावे. मग म्यूझेटमध्ये खालचा सूर धरून वरची सुरावट ऐकावी, ‘एअर’मध्ये चेलो केव्हा पुढे येतात ते टिपावे, आणि रिगोदोंमध्ये गज खाली ठेवलेल्या वादकांकडे कान द्यावा. होल्बर्गच्या काळातला संगीतकार जे लिहिणार नाही, अशा जागा मोजत जावे. त्या पाचही तुकड्यांत सापडतात, आणि सर्वांत जास्त लक्षात राहतात त्याही त्याच. केसांचा टोप घालून ग्रीगने स्वतःला झाकले, हे त्याचे म्हणणे थट्टेच्या खात्यात टाकून द्यायला एवढा पुरावा पुरे आहे.